एन ड्राइव्हचा पत्ता

आमची कंपनी पिंपरीहून चाकणला हलली तेव्हा डिझाइन सेक्शनमधून तिच्यासोबत गेलेली मी एकटीच. बाकीच्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुणाला चाकण लांब पडत होतं, कुणाची मुलं कमावती झाली होती, कुणाला गावाकडे घर बांधायचं होतं. मला विचारलं तेव्हा मी लगेच म्हटलं, येते. घरी बसून करणार काय होते? आई गेल्यापासून दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटीच होते. भाऊ बायकामुलांना घेऊन रावेतच्या सोसायटीत राहायला गेला होता. लग्न मी केलं नव्हतं, आणि का नाही केलं हे विचारणंही लोकांनी एव्हाना सोडून दिलं होतं.

वडील पिंपरीतल्याच एका कारखान्यात मशीनवर होते. त्यांनी मला आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या ट्रेडला घातलं. मुलीची जात, शॉपफ्लोअरवर उभी राहून काय करणार, असं आमच्या गल्लीतल्या काही जणांनी त्यांना ऐकवलं होतं. वडील म्हणाले, टेबलावर बसून नकाशे काढेल. तसंच झालं. मी या कंपनीत लागले तेव्हा तिरप्या बोर्डावर पेन्सिलीने ड्रॉइंग काढायची पद्धत अजून पुरती संपलेली नव्हती. कॉम्प्युटर आले ते नंतर, आणि ते मला शिकवले आमच्या सरांनी.

सर म्हणजे आमच्या सेक्शनचे सीनियर. कणकवलीकडचे. सगळ्यांना अरे-तुरे आणि मला 'गो'. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. डबा आम्ही एकत्र खायचो. त्यांच्या डब्यात सुका बांगडा असला की पलीकडच्या अकाउंट्सवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि सरांना त्याचा फार आनंद व्हायचा. 'लाव गो दार, नाहीतर त्यांचा हिशेब चुकेल,' असं म्हणायचे.

जुनी सगळी ड्रॉइंग स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं, ते काम आम्ही दोघांनी केलं. सरांनी माझ्या कॉम्प्युटरवर एक नवीन ड्राइव्ह उघडून दिला. सी, डी जसे असतात तसा एन. म्हणाले, 'हे तुझ्या मशीनात नाही हां, लांब ठेवलंय. तू फक्त एन उघडायचं आणि टाकायचं.' मी टाकत गेले. कंपनीने कधीकाळी बनवलेल्या प्रत्येक पार्टचं ड्रॉइंग त्या एनवर होतं. जुन्या टेम्पोचे ब्रॅकेट, बंद पडलेल्या स्कूटरींचे स्टँड, आता कुणाला नावंही सांगता येणार नाहीत असे क्लॅम्प. एन म्हणजे नकाशे, अशी माझी समजूत होती. सेक्शनला नवीन मुलगा-मुलगी आली की मी तसंच सांगायची: एनवर बघ, एन म्हणजे नकाशे.

चाकणला सगळंच नवीन होतं. मोठा हॉल, मध्ये भिंती नाहीत, सगळे इंजिनियर पंचविशीतले. कानात हेडफोन. आपसात हिंदीत बोलायचे, मीटिंगला इंग्रजीत. वाईट कुणीच नव्हतं. सकाळी 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणायचे, मीही म्हणायची, आणि मग थेट संध्याकाळी 'बाय मॅडम'. त्यांचं काम सगळं पोर्टलवर चालायचं. माझ्याकडे राहिलं होतं जुन्या पार्टचं काम. एखाद्या गिऱ्हाइकाला जुन्या गाडीसाठी स्पेअर लागला की ड्रॉइंग शोधून, जुनी इंचातली मापं मिलिमीटरमध्ये करून द्यायचं. असं काम आठवड्यातून एखादं यायचं. कधी तेही नाही.

कॅन्टीनमध्ये मी खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. बाहेर कंटेनर उभे असायचे. पहिले काही दिवस मी डबा नेला, मग बंद केला. एकटीसाठी पहाटे उठून भाजी करायची आणि एकटीनेच तिथे बसून ती खायची, त्यापेक्षा कॅन्टीनचं ताट बरं वाटायला लागलं.

गेल्या वर्षी सगळ्यांचे जुने कॉम्प्युटर काढून लॅपटॉप द्यायचं ठरलं. मेल आला. कुणाला नव्या लॅपटॉपवर कुठला सामायिक ड्राइव्ह हवा असेल तर हेल्पडेस्कला कळवा, नाहीतर मिळणार नाही. मी लगेच कळवलं: एन ड्राइव्ह हवा. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी हेल्पडेस्कवरून एका बाईंचा फोन आला. हिंदीत बोलत होत्या.

'मॅडम, एन ड्राइव्हचा पाथ द्या.'

'पाथ म्हणजे?'

'तो ड्राइव्ह ज्या सर्व्हरवर आहे, त्याचा पत्ता.'

'एन,' मी म्हटलं. 'एन ड्राइव्ह. ड्रॉइंगचा.'

'मॅडम, एन हे फक्त तुमच्या मशीनवरचं अक्षर आहे. आमच्याकडे एन असं काही नाही. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर एन म्हणजे दुसरंच काही असेल, किंवा नसेलही. पाथ पाठवा, मग करते.'

मी पाथ पाठवला नाही, कारण तो मला माहीत नव्हता. तक्रार बंद केल्याचा मेल संध्याकाळी आला.

इतकी वर्षं मी एन हा शब्द असा वापरत होते, जसं आपण पिंपरी म्हणतो, भोसरी म्हणतो. म्हटलं की सगळ्यांना कळणार. मी शेजारच्या मुलाला विचारलं, 'तुझ्याकडे एन आहे का?' त्याने हेडफोन काढला, स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाला, 'नाही मॅडम. मेरे में सिर्फ एस है.' पलीकडच्या मुलीकडे एस पण नव्हता. हॉलभर विचारत फिरायला मला लाज वाटली, पण फिरले. कुणाकडेच नव्हता.

माझ्या स्क्रीनवर त्या ड्राइव्हखाली नुसतं 'ड्रॉइंग' असं लिहिलेलं दिसायचं आणि कंसात एन. सरांनीच ते नाव दिलं होतं. त्यामुळे मागे काय आहे ते दिसतच नव्हतं. सगळं उचलून लॅपटॉपवर घ्यावं म्हणून बघितलं, तर ते मावणारं नव्हतं. लॅपटॉप वाटणारा माणूस म्हणाला, 'मॅडम, सोमवारी जुनं मशीन घेऊन जाणार. तोवर बघा काय ते.'

मला भीती वाटली ती खरी ड्रॉइंगची नव्हती. एन गेला तर मला या हॉलमध्ये बसायला कारणच उरत नव्हतं. कुणी मला जा म्हटलं नसतं. मी नुसती खुर्चीवर बसून राहिले असते, रिटायर होईपर्यंत.

सरांना विचारावं असं पहिल्याच दिवशी मनात आलं होतं. पण पिंपरीचा गेट बंद झाल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. भांडण काही नव्हतं. सुरुवातीला एकदोन फोन झाले, मग सणाला मेसेज, मग तेही राहिलं. मी फोन लावला. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने उचलला. म्हणाल्या, 'ते खाली ऑफिसात आहेत. तू ये ना घरी. गुरुवारी सुट्टी असते ना तुला?'

गुरुवारी मी चिखलीला सरांच्या घरी गेले. जाताना पाव किलो पेढे घेतले. बसमध्ये मी मनातल्या मनात सगळं जुळवत होते. एनचं सांगायचं, मग बांगड्याचं आठवून देईन, अकाउंट्सवाल्यांचं. ते बोर्डाच्या दिवसांचं काढतील. जेवूनच जा म्हणतील. चिखलीत उतरले तर रस्ता ओळखू येईना. जिथे मोकळं होतं तिथे इमारती, आणि इमारतींच्या मधल्या पत्र्याच्या शेडमधून ग्राइंडरचा आवाज. विचारत विचारत पोचले.

सरांची इमारत चार मजली. खालच्या गाळ्याला काच लावून त्यांनी ऑफिस केलं होतं. आत दोन कॉम्प्युटर, त्यांवर दोन जण काम करत होते, आणि सर फोनवर. आसपासच्या वर्कशॉपवाल्यांना ड्रॉइंग काढून द्यायचा धंदा त्यांनी सुरू केला होता. केस काळे केले होते. दहा वर्षांनी तरुण दिसत होते, हे मला कबूल करायलाच हवं. मला पाहून हाताने बस म्हणाले आणि फोनवर बोलत राहिले. मी बसले. पेढ्यांचा पुडा मांडीवर होता.

फोन संपला. 'काय गो,' ते म्हणाले, 'अजून तिथेच तू?'

'हो सर. आता चाकणला.'

'माहीत आहे. कंटाळत नाहीस?'

'काम असतं थोडं,' मी म्हटलं. मग एनचं सांगितलं. नीट सांगत होते, पण मध्येच त्यांचा फोन पुन्हा वाजला. कुणाला तरी संध्याकाळी देतो, संध्याकाळी देतो म्हणाले, आणि माझ्याकडे वळले.

'सोपं आहे. ती काळी खिडकी उघड, कमांडची. नेट यूज लिही, मध्ये जागा सोड. एंटर मार. एनच्या पुढे पत्ता येईल तो लिहून घे. झालं.'

'कुठल्या सर्व्हरवर ठेवलं होतं ते आठवत नाही का तुम्हाला?'

'आता कुठलं आठवणार? आणि तुला गो काय करायचंय? कंपनीचं कंपनी बघेल.'

मी हसले. विचारायचं नव्हतं तरी विचारलं. 'सर, एनच का दिलं होतं? नकाशे म्हणून ना?'

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. 'नकाशे? नाही गो. आधीची अक्षरं भरलेली असतील. मोकळं होतं ते दिलं.'

एवढ्यात एक वर्कशॉपवाला हातात तुटका पार्ट घेऊन आत आला. 'या भाऊ, या,' सर उठले. मला म्हणाले, 'वर जा, हिने चहा टाकला असेल. थांब तू, येतोच मी.' मी वर गेले. वहिनींनी चहा दिला, पोहे दिले, आईची चौकशी केली आणि मग त्यांनाच आठवलं की आई नाही. त्या ओशाळल्या. मी म्हटलं, असू दे वहिनी. बराच वेळ थांबले. सर वर आले नाहीत. निघताना काचेतून पाहिलं तर ते त्या माणसाच्या पार्टवर कॅलिपर लावून माप घेत होते, चष्मा कपाळावर. त्यांना हाक मारली नाही. पेढे वहिनींकडे दिले होते.

बसमध्ये मला रडू वगैरे आलं नाही. फक्त इतकं वाटलं की ज्या खोलीत आपण अजून बसलेलो आहोत, तिथून बाकीचे केव्हाच उठून गेलेत, आणि जाताना कुणी काही वाईटही केलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी कामावर गेले आणि हेल्पडेस्कला पुन्हा फोन लावला. या वेळी एक पुरुष होता, मराठीच बोलला. हेल तर मराठवाड्याचा. मी म्हटलं, 'मला एन ड्राइव्हचा पत्ता काढायचाय. नेट यूज लिहायचं असं कळलंय. तुम्ही फोनवर थांबाल का?'

'थांबतो की ताई. उघडा बरं ती खिडकी. सावकाश करूत, घाई नाही.'

काळी खिडकी उघडली. सरांनी सांगितलं तसं लिहिलं. एंटर दाबलं, तर भराभर अक्षरं खाली आली. एन, आणि त्याच्या पुढे दोन तिरप्या रेघा. मी एकेक अक्षर वाचून दाखवलं. पिंपरी. मग आडवी रेघ. डिझाइन. आडवी रेघ. दोन. पुढे पुन्हा एक तिरपी रेघ आणि फोल्डरचं नाव.

पिंपरी हे मी दोनदा वाचलं. तिथल्या शेड पाडून झाल्या होत्या. बसमधून जाताना मी पत्र्याचं कुंपण बघितलं होतं.

'पिंपरीचा प्लांट तर आता नाही,' मी म्हटलं. 'मग हे चालतं कसं?'

'थांबा, बघूत.' त्याच्या कीबोर्डचा आवाज येत राहिला. 'ताई, या नावाचं मशीन नाहीच आता. आतला माल केव्हाच दुसऱ्या सर्व्हरवर नेलाय, नाव तेवढं जुनं चालू ठेवलंय. पत्र जुन्या पत्त्यावर टाकलं तरी ओळखीचा पोस्टमन नव्या घरी नेऊन देतो ना, तसं. पण हे नाव या महिन्यात बंद करायचं आहे म्हणे. यादीत आहे.'

'मग?'

'बंद करायच्या आधी बघावं लागतं कोण वापरायलंय ते.' पुन्हा कीबोर्ड. 'ताई, वर्षभरात यावर दुसरं कुणीच आलेलं नाही. तुम्हीच दिसायलात फक्त.'

हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने हसलं.

'ताई, आहात ना?'

'आहे.'

'त्याला मालक लागतो. फोल्डरला. इथं ज्यांचं नाव आहे ते कंपनी सोडून गेलेत. मालक नसला तर ते कुलूपबंद करून ठेवून देतात, मग काढायला लई अर्ज-विनंत्या. कुणाचं नाव टाकू?'

मी साहेबांना विचारून सांगते, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. माझ्या आयुष्यात मी प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारून केली. पण विचारणार कुणाला? आमच्या साहेबांना एन आहे हेच ठाऊक नव्हतं.

'माझं टाका,' मी म्हटलं.

'टाकतो. तुमच्या साहेबांना एक मेल जाईल, ते हो म्हणतील. आणि नव्या लॅपटॉपवर अक्षर कुठलं देऊ? कुठलंही द्या म्हणाल तर देतो.'

'एनच द्या.'

काम चालू असताना त्याच्या मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मी सहज विचारलं, 'तुम्ही कुठून बोलता?'

'कुरुळीतून, ताई.'

'कुरुळी? म्हणजे इथलीच?'

'हो. रूमवरूनच काम करतो. गाव नांदेडकडं.'

मला त्याचं इतकं आश्चर्य वाटलं. माझी बस रोज कुरुळीवरून जायची. 'मग या की एकदा प्लांटला. कॅन्टीनमध्ये चहा पिऊ.'

'आम्हाला गेटपास नाही ताई,' तो सहज म्हणाला. 'आम्ही बाहेरच्या एजन्सीचे. दोन वर्षं तुमच्या कंपनीचं काम करतोय, कंपनी आतून बघितलेली नाही.' मग म्हणाला, 'चालू झालंय का बघा.'

सोमवारी जुना कॉम्प्युटर गेला आणि लॅपटॉपवर एन उघडला. सगळं जागच्या जागी होतं. नंतर एकदा वेगळ्याच कामासाठी मी हेल्पडेस्कला फोन केला, तेव्हा नांदेडकडच्या त्या भावाची चौकशी केली. पलीकडचा म्हणाला, मॅडम, जो मोकळा असतो तो फोन उचलतो, नाव सांगा. नाव मी विचारलंच नव्हतं.

पावसाळ्यानंतर एका दुपारी सरांचा फोन आला. त्यांचं नाव फोनवर दिसलं आणि मी हॉलच्या बाहेर जिन्यात गेले.

'काय गो, कशी आहेस? त्या दिवशी न सांगताच गेलीस.' मग एकदम मुद्द्यावर आले. 'तो जुन्या टेम्पोचा मागचा ब्रॅकेट आठवतो? आपणच स्कॅन केला होता. एका गिऱ्हाइकाला हवाय, नमुना झिजलाय, माप मिळत नाही. तुझ्या एनवर असेल ना? जरा पाठवून दे.'

असणारच होता. मला तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही माहीत होतं. त्याच्या कोपऱ्यात सरांची सही होती, आणि तपासणारी म्हणून माझी. ते दोन मिनिटांचं काम होतं. आणि सर पुन्हा बोलायला लागले असते. काहीतरी लागलं की मला फोन आला असता, अधूनमधून.

'सर,' मी म्हटलं, 'ते कंपनीचं आहे. मला नाही पाठवता येणार.'

पलीकडे ग्राइंडरचा आवाज येत होता. 'अगो, मी काढलेलं ड्रॉइंग आहे ते.'

'माहीत आहे सर. पण आता ते माझ्या नावावर आहे.'

त्यांनी कुणाला तरी ग्राइंडर बंद करायला सांगितलं. मग म्हणाले, 'बरोबर आहे. मीसुद्धा दिलं नसतं.' आवाज रागाचा नव्हता. ठेवतो म्हणाले आणि ठेवला.

मी जिन्यातच थोडी थांबले. खाली माल चढवत होते. मग जागेवर येऊन तो ब्रॅकेट उघडून पाहिला, उगीचच, आणि बंद केला.

त्यानंतर सरांचा फोन नाही. दिवाळीत वहिनींचा आला. फराळाला ये म्हणाल्या. मग आवाज खाली करून विचारलं, 'तुमचं दोघांचं काही बिनसलंय का गं?'

'नाही वहिनी. काही नाही.'

'मग ये की. ते काही बोलत नाहीत, पण बांगडा केला की म्हणतात, तिला आवडायचा.'

येते म्हटलं. अजून गेलेले नाही. गुरुवारी सकाळी साडी काढून ठेवते, मग घर झाडते, कपडे धुते, दुपारी विहारातल्या बायका हाका मारतात तिकडे जाऊन बसते, आणि साडी पुन्हा कपाटात जाते. परवा मात्र बाजारातून येताना चिखलीची बस समोर येऊन थांबली, तेव्हा एक पाय पायरीवर ठेवला होता. कंडक्टर म्हणाला, 'मावशी, येताय का?' मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हटलं, 'पुढच्या वेळी.'